सिंगल पेयर की मल्टी पेयर : तिजोरी एक असो वा अनेक, पैसे शेवटी कोणाचे?

आकडेमोड

'आरोग्यसेवा सरकारने द्यावी की विमा कंपन्यांनी' या वादात तीन वेगळी कामं एकाच गाठोड्यात बांधली जातात, म्हणून हा धागा काढतोय. पहिलं काम पैसे गोळा करण्याचं, दुसरं ते एका ठिकाणी साठवून धडधाकट माणसाच्या पैशातून आजाऱ्याचा खर्च भागवण्याचं आणि तिसरं डॉक्टर-रुग्णालयांना पैसे चुकते करण्याचं. रुग्णालय कोणाच्या मालकीचं हा चौथा प्रश्न, आणि तो या तिन्हींपासून स्वतंत्र आहे.

कॅनडात रुग्णालयं बहुतांशी ना-नफा संस्थांची आहेत आणि डॉक्टर बहुतेक स्वतंत्र व्यावसायिक. बिल मात्र प्रांत सरकार भरतं. हे सिंगल पेयर. ब्रिटनमध्ये १९४८पासून बहुतेक रुग्णालयंच सरकारी व्यवस्थेची आहेत, म्हणून त्याला नुसतं सिंगल पेयर म्हणणं अपुरं पडतं. जर्मनीत जवळपास ९५ वैधानिक विमा निधी आहेत, तरी २००९पासून सगळी मूळ वर्गणी एका मध्यवर्ती निधीत जाते आणि तिथून वाटली जाते. म्हणजे वरून मल्टी पेयर, आत साठवण एकच. अमेरिकेत तिन्ही कामं अनेकांमध्ये विभागलेली.

माझं मत आधीच सांगतो. तिजोऱ्या किती यापेक्षा दरपत्रक एक आहे का आणि जोखमीची वाटणी सगळ्यांत होते का, हे जास्त महत्त्वाचं आहे. सहमत नसाल तर यंत्रणा कशी चालते ते सांगून खोडा, नुसतं 'तिकडे रांगा असतात' नको.

निशिगंध

तैवानपासून सुरुवात करू, कारण तिथलं सिंगल पेयर अगदी नव्याने, ठरवून उभं केलेलं आहे. आधी कामगार, सरकारी नोकर आणि शेतकरी यांच्या वेगवेगळ्या योजना होत्या. त्या १ मार्च १९९५ला एकत्र करून राष्ट्रीय आरोग्य विमा सुरू झाला.

'पैसे कोणाचे' याचं उत्तर पगारपत्रकातच दिसतं. वर्गणीचा दर २०२१पासून पगाराच्या ५.१७ टक्के आहे. नोकरदाराच्या बाबतीत ३० टक्के वाटा कर्मचाऱ्याचा, ६० मालकाचा, १० सरकारचा. विम्यासाठी धरलेला पगार महिना ४५,८०० तैवानी डॉलर असेल, तर पूर्ण वर्गणी सुमारे २,३६८ आणि कर्मचाऱ्याचा वाटा ७१०. घरातल्या प्रत्येक अवलंबितासाठी त्याला आणखी ७१० भरावे लागतात, पण तीनच माणसं धरतात; चौथं, पाचवं आपोआप समाविष्ट.

मालकाच्या वाट्यात एक फार विचारपूर्वक केलेली सोय आहे. त्या कर्मचाऱ्याच्या घरात खरोखर किती माणसं आहेत हे बघतच नाहीत. अवलंबितांची देशभरची सरासरी घेतात. सरासरी ०.५६ धरली, म्हणजे कर्मचारी धरून १.५६ माणसं, तर मालकाचे सुमारे २,२१६ होतात, मग माणूस एकटा असो की पाच जणांचं कुटुंब पोसणारा. खरी संख्या धरली असती तर मोठ्या कुटुंबाच्या माणसाला नोकरी देताना मालकाने हात आखडता घेतला असता.

नुसत्या पगारावर वर्गणी घेतली की भाडं-लाभांशावर जगणारे सुटतात. ती गळती बुजवायला २०१३पासून पुरवणी वर्गणी आली. महिन्याच्या विमाधारित पगाराच्या चौपटीपेक्षा जास्त बोनस, लाभांश, व्याज, भाडं यांवर ती सध्या २.११ टक्के आहे.

खर्चाला लगाम असा : २००२पासून सगळ्या क्षेत्रांना वार्षिक एकूण रकमेची मर्यादा आहे. डॉक्टरला प्रत्येक सेवेचे गुण मिळतात आणि गुणाची किंमत नंतर ठरते. सगळ्यांनी मिळून जास्त काम दाखवलं की एका गुणाची किंमत एका डॉलरच्या खाली येते. दुखणं नेमकं इथे आहे. एकट्याने काम कमी केलं तर त्याचंच उत्पन्न घटतं, म्हणून प्रत्येक जण रुग्णसंख्या वाढवतो आणि सगळ्यांचाच गुण स्वस्त होतो. मग प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. किंमत रुग्णाने पैशात दिली नाही, पण डॉक्टरच्या वेळात दिली.

दक्षिणवारा

निशिगंधताई, माहिती उत्तम. पण हे सगळं एकाच तिजोरीमुळे शक्य झालं असं मला वाटत नाही. जर्मनी बघा.

तिथे मूळ वर्गणी १४.६ टक्के, तिच्यावर प्रत्येक निधीची आपली अतिरिक्त वर्गणी. २०२५साठी जाहीर झालेली सरासरी २.५ टक्के. दोन्ही मालक आणि कर्मचारी निम्मी-निम्मी भरतात. महिना ५,००० युरो पगारावर १७.१ टक्के म्हणजे ८५५, पैकी ४२७.५० पगारातून कापले जातात. वर्गणीला वरची मर्यादा आहे, २०२५ला महिना ५,५१२.५०; त्यापुढच्या पगारावर काहीच नाही. पगार नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच वर्गणीत, जादा पैसे न देता.

आता निधी अनेक असतील तर कोणता निधी मधुमेह्याला, कर्करोग्याला जवळ करेल? नव्वदच्या दशकात हीच अडचण होती. पांढरपेशांच्या निधींत तरुण आणि चांगल्या पगाराचे लोक, स्थानिक निधींत म्हातारे आणि आजारी. परिणामी आजारी लोकांच्या निधीचे दर चढे. १९९४पासून निधींमध्ये जोखमीची भरपाई सुरू झाली आणि १९९६ला निधी निवडण्याचं स्वातंत्र्य बहुतेकांना मिळालं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्पर्धा मोकळी केली असती तर आजारी लोकांचे निधी बुडाले असते. २००९पासून भरपाई आजारानुसार होते. मध्यवर्ती निधी प्रत्येक सदस्यामागे वय, लिंग आणि नोंदलेले आजार बघून रक्कम देतो, त्यामुळे आजारी सदस्य म्हणजे तोटाच असं गणित राहत नाही. १९९३ला १,२००च्या वर असलेले निधी आता शंभराच्या आत आले आहेत. दरपत्रक सगळ्यांना सारखं, म्हणून रुग्णालयाला 'तुमचा निधी कोणता' हे विचारून भाव ठरवता येत नाही.

रुग्णाच्या खिशातून जातं ते मोजकं. औषधाच्या किमतीच्या १० टक्के, पण किमान ५ आणि कमाल १० युरो. रुग्णालयात दिवसाला १० युरो, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. सगळं मिळून कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर गेलं, दीर्घ आजाऱ्यासाठी १ टक्क्यावर, की माफी मिळते. ती आपोआप मिळत नाही. पावत्या जपून निधीकडे अर्ज करावा लागतो.

सुरपारंब्या

दक्षिणवारा, जर्मनीचं भोक तुम्ही सांगितलं नाहीत. वर्षाला ७३,८०० युरोच्या वर (२०२५चा आकडा) पगार असलेला नोकरदार ही व्यवस्था सोडून खासगी विम्यात जाऊ शकतो. तिथे हप्ता पगारावर नाही, वय आणि प्रकृतीवर ठरतो. तरुण, निरोगी, जास्त कमावणारा माणूस बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर त्याची मोठी वर्गणीही जाते. खासगी रुग्णाचं बिल डॉक्टर सरकारी शुल्कतक्त्याच्या साधारण २.३ पटीने लावतात, म्हणून त्याला तारीखही लवकर मिळते.

पुण्याहून तिकडे जाणाऱ्या आयटीतल्या मुलामुलींनी हे लिहूनच ठेवावं. अठ्ठाविसाव्या वर्षी खासगी विमा स्वस्त दिसतो. पण लग्न झालं की जोडीदाराचा आणि प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा, आणि पंचावन्न ओलांडल्यावर वैधानिक निधीत परतणं जवळपास अशक्य.

माझा मूळ आक्षेप मात्र सिंगल पेयरला आहे. एकच खरेदीदार असला की त्याच्या चुकीला पर्याय उरत नाही. कॅनडाच्या १९८४च्या कायद्याने प्रांतांवर पाच अटी घातल्या : सार्वजनिक प्रशासन, सर्वंकष सेवा, सर्वांना लाभ, प्रांत बदलला तरी संरक्षण कायम, आणि आर्थिक अडथळ्याविना उपलब्धता. डॉक्टरने रुग्णाकडून जादा पैसे घेतले तर केंद्र तेवढेच पैसे प्रांताच्या अनुदानातून कापतं. कागदावर सुंदर. पण रुग्णालयाला मुख्यतः वर्षाची ठरावीक रक्कम मिळत असेल तर प्रत्येक जादा शस्त्रक्रिया हा त्याच्यासाठी खर्च ठरतो, कमाई नव्हे. गुडघा, खुबा, मोतीबिंदू यांच्या रांगा तिथून वाढतात. त्या रांगेतला खर्च कोणाच्या हिशेबात येतो? सहा महिने उभं राहून काम करता न येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी आरोग्यखर्चाच्या तक्त्यात नसते. २००५ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्युबेकच्या प्रकरणात हेच मान्य केलं होतं : रांग अवाजवी लांब असताना खासगी विम्यावरची बंदी त्या प्रांताच्या हक्कांच्या सनदेत बसत नाही.

आकडेमोड

रांगेचा मुद्दा खरा, कारण चुकलं. तैवान सिंगल पेयरच आहे आणि तिथे डॉक्टरला भेटायला सहसा थांबावं लागत नाही. रांग तिजोरीच्या संख्येने लागत नाही, पैसे देण्याच्या पद्धतीने आणि खाटा-डॉक्टरांच्या संख्येने लागते. ठरावीक वार्षिक रक्कम दिली की काम कमी होतं, दर सेवेमागे पैसे दिले की काम फुगतं.

दुसरं, कॅनडा पूर्ण सिंगल पेयर नाहीच. रुग्णालय आणि डॉक्टर सोडले तर औषधं, दात, चष्मा बऱ्याच जणांना नोकरीतल्या विम्यातून किंवा खिशातून भागवावे लागतात. एकूण खर्चात सरकारी वाटा ७० टक्क्यांच्या आसपास आहे. मूळ रचना रुग्णालय आणि डॉक्टर यांच्याभोवती झाली. सॅस्कॅचेवान प्रांताने १९४७ला रुग्णालय विमा सुरू केला आणि १९६२ला डॉक्टरांची फी विम्यात घेतली. दुसऱ्या पायरीला डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. औषधांची पायरी मागे राहिली आणि आज महागडी आहेत ती औषधंच.

आणि पैसे कुठून कुठे सरकतात याचं उदाहरण हवं तर कॅनडाचाच ब्रिटिश कोलंबिया प्रांत. माणशी मासिक हप्ता १ जानेवारी २०२०ला रद्द केला. 'फुकट झालं' असं अनेकांना वाटलं. पण २०१९पासून मोठ्या मालकांवर एकूण पगाराच्या १.९५ टक्क्यांपर्यंत आरोग्य कर आला होता. मालकाचा कर बऱ्याच अंशी पुढच्या पगारवाढीतून वसूल होतो. तरी हा बदल चांगला होता असं मी म्हणेन, कारण आधीचा हप्ता, सवलतीच्या वरच्या उत्पन्नगटांत, मध्यम आणि गडगंज दोघांना सारखाच पडत होता.

गोदाकाठ

अमेरिकेशिवाय हा धागा अपुरा राहील, म्हणून थोडक्यात.

तिथे एकाच रुग्णालयाचे एकाच तपासणीसाठी प्रत्येक विमा कंपनीशी वेगळे दर ठरलेले असतात. १ जानेवारी २०२१पासून ते जाहीर करणं बंधनकारक झालं. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, पूर्वमंजुरी वेगळी, दाव्याचे निकष वेगळे. त्यासाठी रुग्णालयात बिलिंगची मोठी फौज लागते आणि तिचा पगार बिलातच असतो.

रुग्णाच्या खिशाचा हिशेब असा. समजा वजावट (विमा लागू होण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची वार्षिक रक्कम) ३,००० डॉलर, त्यानंतरच्या बिलात रुग्णाचा २० टक्के सहभाग, आणि २०२५ची एका माणसासाठी कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा ९,२००. मान्य दराने बिल ४०,००० झालं. आधी ३,०००, मग उरलेल्या ३७,०००चे २० टक्के म्हणजे ७,४००. बेरीज १०,४००, पण मर्यादेमुळे ९,२००वर थांबते. लोक तीन ठिकाणी फसतात. ही मर्यादा जाळ्यातल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, रुग्णालयापुरती आहे, योजनेत नसलेल्या सेवा तीत धरत नाहीत, आणि १ जानेवारीला गणती पुन्हा शून्यावर येते. डिसेंबरात सुरू झालेले उपचार फेब्रुवारीपर्यंत चालले तर दोन वजावटी.

विमा कंपनीने हप्त्याचे किमान ८० टक्के (मोठ्या गटांसाठी ८५) उपचारांवर खर्च करावेत, नाहीतर फरक परत द्यावा, असा २०१०च्या कायद्याचा नियम आहे. हेतू चांगला. पण टक्केवारी बांधली की उरलेले २० टक्के मोठे करायला एकूण खर्च वाढणंच सोयीचं होतं.

आता आकडेमोड यांच्या बाजूचा पुरावा. मेरिलँड राज्यात सत्तरच्या दशकापासून एक आयोग रुग्णालयांचे दर ठरवतो आणि ते खासगी विम्यापासून सरकारी योजनांपर्यंत जवळजवळ सगळ्यांना लागू असतात. पैसे भरणारे अनेक, दर एक. २०१४पासून तिथे रुग्णालयाला वर्षाची एकूण रक्कमही ठरवून दिली जाते. म्हणजे अमेरिकेतही हे जमतं.

माळरान

इतका वेळ वाचत होतो. आता महाराष्ट्राकडे या, कारण इथे दोन्ही व्यवस्थांची खिचडी आहे.

२ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना आली, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण. २०१३ला ती राज्यभर गेली, २०१७ला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०२०पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडली गेली. २८ जुलै २०२३च्या शासननिर्णयाने संरक्षण ५ लाख, १,३५६ उपचार आणि सर्व रेशनकार्डधारकांना लाभ असा विस्तार ठरला. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीचवरून साडेचार लाख. आयुष्मानच्या कुटुंबांसाठी केंद्र-राज्य वाटा ६०:४०, बाकीचा भार राज्याच्या तिजोरीवर. ती तिजोरी भरते मोठ्या प्रमाणात जीएसटीतून, म्हणजे साबण घेणारा शेतमजूरही त्यात आहेच. 'मोफत' हा शब्द म्हणून मला खटकतो.

शेजारी आणखी तिजोऱ्या : कामगार राज्य विमा, केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस, राज्य कर्मचाऱ्यांची वैद्यकीय प्रतिपूर्ती, कंपन्यांचा गट विमा, आपापला मेडिक्लेम आणि शेवटी रोख. एकाच थिएटरमध्ये त्याच सर्जनने केलेल्या एकाच शस्त्रक्रियेचे पाच-सहा भाव. योजनेचं पॅकेज, म्हणजे उपचारामागे ठरलेली एकरकमी रक्कम, खर्चापेक्षा कमी असेल तर रुग्णालय तोटा रोखवाल्याच्या आणि मेडिक्लेमवाल्याच्या बिलातून काढतं, किंवा योजनेच्या रुग्णाला 'खाट नाही' सांगतं, किंवा इम्प्लांटच्या नावाने वरचे पैसे मागतं.

हे तिसरं सरळ नियमबाह्य आहे. पॅकेजमध्ये खाट, डॉक्टर, तपासण्या, औषधं, इम्प्लांट, जेवण हे सगळं धरलेलं असतं. दाखल होताना आरोग्यमित्राकडे (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र देऊन नोंदणी करायची, पूर्वमंजुरी मिळाल्याचं स्वतः विचारून घ्यायचं, आणि मंजुरीआधी शस्त्रक्रियेसाठी रोख भरायची नाही. तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेता येते. पैसे मागितलेच तर पावती मागायची आणि १५५३८८ वर तक्रार करायची. पावतीशिवाय तक्रार टिकत नाही.

कामगार विम्यात १ जुलै २०१९पासून कामगाराचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के. २०,००० पगारावर १५० आणि ६५०. मर्यादा २१,०००ची. पगार त्यावर गेला तरी त्याच महिन्यात कपात थांबत नाही. एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च हा चालू सहामाही काळ संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. बरेच कारखाने लगेच नाव काढतात आणि कामगाराचा हक्काचा लाभ बुडतो. सहामाही आणि तिच्याशी जोडलेला लाभाचा काळ संपला की मात्र खरा कडेलोट. पाचशे रुपयांच्या वाढीने बाह्यरुग्ण, औषधं, आजारपणाचा भत्ता सगळंच जातं.

निशिगंध

+१. यात मेडिक्लेमचा छुपा भार जोडते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० आणि खोली घेतली ८,०००ची. लोकांना वाटतं फक्त ३,००० रोजचे आपले. तसं नाही. सर्जन, थिएटर, नर्सिंग असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्च १,६०,००० झाले असतील तर कंपनी ५,०००/८,००० म्हणजे ६२.५ टक्के मानते : १,००,००० देते, ६०,००० तुमचे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही कपात लावता येत नाही, आयसीयूच्या शुल्कावरही नाही. डिस्चार्जच्या कागदावर लावलेली दिसली तर हरकत घ्या. दाखल होतानाच टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) खिडकीवर 'माझी पात्र खोली कोणती' हे लेखी विचारलं की हा प्रश्न उद्भवत नाही.

सुरपारंब्या

माळरान, आपल्या योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत हे अधोरेखित करायला हवं. रक्तदाब-मधुमेहाच्या महिनोनमहिन्यांच्या गोळ्या, ओपीडी, रक्त तपासण्या बाहेरच. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ला ६४.२ टक्के होता, २०२१-२२ला ३९.४. घट मोठी आहे, पण ही टक्केवारी आहे, रुपये नव्हेत. शिवाय मेडिक्लेमचा हप्ता 'खिशातून'मध्ये धरत नाहीत, तो भरतो मात्र कुटुंबच.

गोदाकाठ

हद्दीचाही प्रश्न आहे. सावंतवाडी, दोडामार्गचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) जातात. गोव्याने २०१८मध्ये परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा सिंधुदुर्गात मोठी अस्वस्थता पसरली. गोव्याची बाजूही चुकीची नव्हती. तिथला करदाता आपल्या लोकांसाठी पैसे भरतो. त्यांची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना (तीन माणसांपर्यंत अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख) पाच वर्षांच्या वास्तव्याच्या अटीवरच आहे. कॅनडाच्या कायद्यातली चौथी अट याचसाठी आहे : एका प्रांताचा माणूस दुसऱ्या प्रांतात आजारी पडला तर बिल कोणी कोणाला पाठवायचं हे आधी ठरलेलं असतं, रुग्णाला सहसा मध्ये उभं करत नाहीत.

दक्षिणवारा

मग महाराष्ट्रासाठी पहिली पायरी तिजोऱ्या एकत्र करणं नसून दरपत्रक एक करणं, यावर आपलं बऱ्यापैकी जमतंय. पण दर कशावरून ठरवणार? जर्मनीत नमुन्यातली रुग्णालयं प्रत्येक रुग्णामागचा प्रत्यक्ष खर्च नोंदवतात, एक स्वतंत्र संस्था त्यावरून प्रत्येक उपचाराचं सापेक्ष वजन काढते, आणि रुग्णालयाचा दर म्हणजे ते वजन गुणिले राज्याचा मूळ दर. तक्ता दर वर्षी नवा होतो. तरी तिथेही चूक झाली. दर शस्त्रक्रियेमागे पैसे मिळतात म्हटल्यावर खुबा-गुडघ्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या, आणि नर्सिंगवर काटकसर सुरू झाली. शेवटी २०२०पासून नर्सिंगचा खर्च तक्त्यातून वेगळा काढून स्वतंत्र द्यावा लागला.

माळरान

आपल्याकडे अडचण त्याच्याही आधीची आहे. वीस खाटांचं नर्सिंग होम खर्च रुग्णनिहाय लिहीतच नाही. थिएटर किती मिनिटं वापरलं, भूल कोणती, किती पिशव्या रक्त, इम्प्लांटची खरेदी किंमत, खाटेचे दिवस, नर्सच्या पाळ्या, वीज आणि ऑक्सिजन : एवढ्या नोंदी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि पुण्या-मुंबईच्या निवडक रुग्णालयांत वर्षभर सारख्या नमुन्यात ठेवल्या तर दराला पाया मिळेल. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१च्या नियमांनी दर दर्शनी भागात लावणं आधीच बंधनकारक केलंय. त्याच नोंदणीच्या नूतनीकरणाला हा नमुना जोडता येईल. सिझेरियन, मोतीबिंदू, हर्निया, डायलिसिस आणि अँजिओप्लास्टी, या पाचांपासून सुरुवात करावी. मी नमुन्याचा तक्ता करायला घेतलाय. भूल आणि आयसीयूचे रकाने कसे मांडावेत हे जाणकारांनी इथेच लिहावं.